मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या बाया



गटाच्या कामाने नागपूरला गेलं की आपली एसटी गणेशपेठच्या स्टँडवर उतरवते. एका हातात पापड-कुरड्यांच्या पिशव्या, दुसऱ्या हातात बँकेचे कागद, आणि समोर ऑटोवाल्यांचा गलका. मॉडेल मिल चौक, कॉटन मार्केट, एम्प्रेस मॉल अशी नावं कानावर पडतात. ती आपण इतक्या वेळा ऐकली आहेत की त्यांचा अर्थ काय असेल, हे मनातही येत नाही.

मागच्या दिवाळीत विक्रीसाठी गेलो होतो तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात लहान सुनेने विचारलं, "ताई, या मॉलचं नाव एम्प्रेस काहून? आन् मॉडेल मिल चौकात मिल कुठी हाय?" आम्ही सहाजणी होतो, पण एकीलाही उत्तर देता आलं नाही. परत येताना बसमध्ये तीच गोष्ट निघाली. तेव्हा मागच्या सीटवर बसलेली एक म्हातारी आजी बोलली, "माही माय त्याच मिलमंधी होती. भोंगा झाला का ते हातातली भाकर ठेवून पये." एवढंच बोलून आजीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी त्या नावाची गोष्ट. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. वऱ्हाड आणि नागपूर हा कापसाचा मुलूख. तोवर इथला कापूस गाठी बांधून मुंबईला जायचा आणि तिथून पुढे विलायतेला. कापड होऊन तो आपल्याकडे परत यायचा आणि आपण ते दाम मोजून घ्यायचो. जमशेटजी टाटा नावाच्या व्यापाऱ्याने विचार केला की जिथे कापूस पिकतो तिथेच सूत का काढू नये? वरोऱ्याचा कोळसा जवळ होता, रेल्वे दारात आली होती. १८७४ साली त्यांनी कंपनी काढली आणि जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेतली. हा जुम्मा तलाव म्हणजेच शुक्रवारी तलाव, ज्याला आपण आज गांधीसागर म्हणतो. जागा इतकी खोलगट होती की आधी गाड्यांनी माती आणून ती भरावी लागली. शहरातल्या एका सावकाराकडे भांडवल मागितलं तेव्हा तो म्हणाला की हा माणूस खड्ड्यात सोनं ओततो आहे. मिल चालू लागल्यावर त्यानेच कबूल केलं, की टाटाने माती टाकली आणि सोनं काढलं. ही गोष्ट नागपुरात अजून सांगतात.

१ जानेवारी १८७७ ला मिल सुरू झाली. त्याच दिवशी इंग्लंडच्या राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं. इंग्रजीत सम्राज्ञीला म्हणतात एम्प्रेस. म्हणून मिलचं नाव एम्प्रेस मिल पडलं. मिल गेली, जागेवर मॉल आला, नाव तेवढं राहिलं. आमच्या सुनेच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर हे. मॉडेल मिल ही त्यानंतरची, तीही कापडाचीच.

आता आपल्या कामाची गोष्ट. मिल चालवायला माणसं लागतात. ती कुठून आली?

ती आपल्याच गावांतून आली, बायांनो. उमरेड, कुही, भिवापूर, रामटेक, भंडारा, वर्धा या भागातून. त्याआधी नागपूरचा कपडा हातमागावर व्हायचा. कोष्टी लोक तलम लुगडी आणि धोतरं विणायचे. गावोगावचे महार लोक जाडंभरडं, टिकाऊ कापड विणायचे, आणि त्यांच्या घरच्या बाया सूत कातायच्या. मिलचं सूत आणि कापड स्वस्त पडू लागलं तेव्हा या घरचा माग थांबला, चरखा माळ्यावर गेला. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्याच्या मागोमाग १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसं छप्पनचा दुष्काळ म्हणत. शेतात काम नाही, घरात दाणा नाही. माणसं डोक्यावर गाठोडं घेऊन नागपूरची वाट चालू लागली. ज्या मिलने घरचा माग बंद पाडला, तिच्याच फाटकाशी मजुरी मागायला उभं राहावं लागलं. हे आम्हाला वाचताना फार लागलं.

मिलमध्ये बाप्ये होते तशा बायाही होत्या. बायांचं काम मुख्यतः सूत गुंडाळण्याचं, लडी करण्याचं, रिळं भरण्याचं. काम उभ्याने करायचं आणि डोळ्यात तेल घालून करायचं. धागा तुटला की हाताने जोडायचा. हवेत कापसाचा भुगा, तो नाकातोंडात जाणार, केसांवर पांढरा थर बसणार. आणि मजुरी कामाच्या मापाने. माल किती निघाला त्यावर पैसे. सूतच खराब आलं, वारंवार तुटलं, तर तिची मजुरी कमी व्हायची.

दिवस किती तासांचा होता ते ऐका. १८९१ च्या कायद्याने कारखान्यातल्या बाईच्या कामाचे तास दिवसाला ११ वर आणले. म्हणजे त्याआधी याहून जास्त असत. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली, १९३४ च्या कायद्याने ५४ तासांची, आणि १९४६ साली ४८ तासांची. आज आपल्या पोरी हिंगण्याच्या नाहीतर बुटीबोरीच्या एमआयडीसीत जातात आणि आठ तासांची ड्युटी म्हणतात, ते आठ तास इतक्या वर्षांनी, एकेक तास करून खाली आलेले आहेत.

अकरा तास मिलमध्ये घालवायचे तर बाकीचं घर कधी सांभाळायचं? भोंगा व्हायच्या आधी, नाहीतर मिल सुटल्यावर. पहाटेच्या अंधारात नळावर किंवा विहिरीवर नंबर लावायचा, चूल पेटवायची, भाकरी थापायची, लेकरांना उठवायचं. मग इंदोरा, पाचपावली अशा वस्त्यांतून पायी मिलकडे निघायचं. उशीर झाला की फाटक बंद, आणि फाटक बंद म्हणजे दिवस बुडाला. म्हणून ती आजीची माय हातातली भाकर ठेवून पळायची.

तान्ह्या लेकराचं काय करायचं? त्या काळी हिंदुस्थानातल्या मिलच्या शहरांत आया लेकराला अफूची बारीक गोळी चाटवून झोपवत. सरकारने नेमलेल्या चौकशीतही हे लिहिलं गेलं. आज ऐकून अंगावर काटा येतो. पण त्या आईकडे दुसरा उपाय काय होता ते बघा. लेकरू रडलं तर काम थांबणार, काम थांबलं तर मजुरी कापणार. पुढे एम्प्रेस मिलने कामगार बायांच्या लेकरांसाठी पाळणाघर काढलं. ही मिल त्या काळच्या इतर मिलपेक्षा बरी म्हणूनच ओळखली जाई. कामगारांसाठी पेन्शनचा फंड, अपघात झाला तर भरपाई, अशा गोष्टी तिथे कायदा होण्याच्या कितीतरी आधी आल्या. इंदोऱ्याकडे कामगारांची वस्ती वसवली गेली. नागपुरातलं बेझनबाग हे नाव मिलचे पहिले मॅनेजर बेझनजी मेहता यांच्यावरून पडलं. चांगलं होतं ते चांगलं म्हणून सांगायलाच पाहिजे. पण खात्यात उभी असलेली बाई आणि मॅनेजर यांच्या मधे मुकादम असायचा. कामावर ठेवणं त्याच्या हातात, काढणं त्याच्या हातात. त्याची नजर वाईट असली तर बाईने सांगायचं कोणाला? हा प्रश्न कुठल्याही फंडाने सुटत नव्हता.

मिलशिवाय दुसरं मोठं काम बिडीचं. नागपूर, कामठी, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात तेंदूचं पान जंगलात मिळतं, म्हणून इथे बिडीचे कारखाने वाढले. बाया घरी बसून बिड्या वळत. संध्याकाळी बिड्यांच्या कट्ट्या घेऊन गेलं की माल घेणारा त्यातल्या कितीतरी बिड्या खराब म्हणून बाजूला काढायचा. त्या बिड्यांचे पैसे द्यायचा नाही आणि बिड्याही परत करायचा नाही. आमच्या भागातल्या ज्या बायांनी बिड्या वळल्या आहेत त्यांना हे नवीन नाही. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी या बिडी कामगारांना एकत्र केलं, मधल्या माणसाची लूट टळावी म्हणून सहकारी पद्धतीने बिडीचं काम सुरू केलं, बायांना शिकवण्यासाठी महिला आश्रम काढला. "जय भीम" हा नमस्कार त्यांनीच रूढ केला असं मानतात. १९०४ ला जन्मलेला हा माणूस १९३९ ला गेला, जेमतेम ३५ वर्षांचं आयुष्य.

आता दोन बायांबद्दल सांगतो. त्यांची नावं आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हती, आणि आमच्या बीएच्या पुस्तकातही नव्हती.

पहिल्या जाईबाई चौधरी. या आपल्या उमरेडच्या. जन्म १८९२ चा. १८९६ च्या दुष्काळात घरचे लोक त्यांना घेऊन नागपूरला आले. वयाच्या नवव्या वर्षी लग्न झालं. घरची गरिबी, म्हणून त्या रेल्वे स्टेशनवर हमाली करायच्या. नागपूर ते कामठी लोकांचं ओझं डोक्यावर वाहायच्या. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंची आणि त्यांची गाठ पडली. ही बाई थोडं शिकलेली आहे हे बघून त्यांनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिकवण्याचं काम दिलं, महिना चार रुपयांवर. पण अस्पृश्य जातीची बाई शिकवते म्हणून वरच्या जातीच्या लोकांनी आपली मुलं शाळेतून काढली. जाईबाईंची नोकरी गेली.

अशा वेळी माणूस काय करतो? रडतो, नशिबाला बोल लावतो, परत ओझं उचलतो. जाईबाईंनी १९२२ साली नागपुरात स्वतःची शाळा काढली, मुलींसाठी. नाव ठेवलं संत चोखामेळा कन्या पाठशाळा. ज्या पोरींना कोणी शाळेत घेत नव्हतं, त्यांच्यासाठी ती शाळा होती.

त्याआधीही या शहरात असं काम सुरू झालं होतं. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७ सालीच पाचपावलीत मुलींची शाळा काढली होती. त्यांच्या पत्नी तुळसाबाई वर्तमानपत्राच्या कामात त्यांच्या बरोबरीने राबत. १९२० साली नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत समाजाची मोठी परिषद भरली. तिथे बायाही उभ्या राहून मुलींच्या शिक्षणावर बोलल्या. शंभर वर्षांपूर्वी, बायांनो! आणि आज ग्रामसभेत बोलायला उठायचं म्हटलं तर आपण पदर सावरतो आणि शेजारणीला म्हणतो, तूच बोल वं.

दुसऱ्या राधाबाई कांबळे. या मिलमधल्या कामगार. शाळा शिकलेल्या नव्हत्या. पण मिलमधल्या बायांचं दुखणं त्यांना अंगाने ठाऊक होतं आणि ते तोंडावर सांगायची हिंमत होती. कामगारांच्या चळवळीत त्या पुढे आल्या. १९२९ साली इंग्रज सरकारने कामगारांची स्थिती तपासायला मोठं कमिशन नेमलं. ते देशभर फिरलं. मालक बोलले, अधिकारी बोलले, पुढारी बोलले. आणि नागपूरच्या या बाईनेही त्या कमिशनसमोर साक्ष दिली. डोळ्यांसमोर आणा. टेबलापलीकडे साहेब लोक बसलेले, मधे दुभाषी, आणि समोर लुगडं नेसलेली मिलमधली बाई, जिला सही करता येत नाही पण बोलता येतं.

त्याच सुमाराला एक कायदा आला. १९३० साली मध्य प्रांतात, म्हणजे तेव्हाच्या आपल्या प्रांतात, बाळंतपणाच्या रजेचा आणि पैशाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात तो १९२९ साली झाला होता. त्यानंतर लगेच आपला. साऱ्या देशासाठी असा एक कायदा व्हायला १९६१ साल उजाडावं लागलं.

आणि आता १९३७ सालची एक गोष्ट, जी सांगायला जड जाते. नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. देशभरच्या शिकल्यासवरल्या बाया आल्या होत्या. जाईबाईही गेल्या, सोबत त्यांच्या समाजातल्या बाया होत्या. भाषणं झाली. जेवणाची वेळ आली तेव्हा या बायांना वेगळं बसवलं. बायांच्या हक्कांची परिषद, आणि तिथेच पंगत वेगळी. जाईबाई आणि त्यांच्या सोबतच्या बाया गप्प बसल्या नाहीत. त्यांनी निषेधाची सभा घेतली.

हे आम्ही कोणाला दोष द्यायला सांगत नाही. आपल्या गटांकडे बघायला सांगतो. महिन्याच्या बैठकीत चहा कोणाच्या घरचा सगळ्या पितात आणि कोणाच्या घरचा "नको वं, आत्ताच घेतला" म्हणून टाळतात, हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्याही गटात असं झालं होतं. ज्या बाईच्या घरचा चहा टाळला, ती पुढच्या तीन बैठकींना आली नाही. आम्ही तिच्याकडे हप्ता मागायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "माह्या पैशाले बाट होत नाही वाटते." आम्हाला मान खाली घालावी लागली. पुढची बैठक तिच्याच घरी ठेवली आणि चहा सगळ्यांनी घेतला. एवढं करायला आम्हाला चार महिने लागले, हेही सांगितलं पाहिजे.

आता येते ती मोठी गोष्ट, जिच्यासाठी आजचं बोलणं आहे.

जुलै १९४२. पावसाचे दिवस. १८, १९ आणि २० जुलैला नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. बाबासाहेब आंबेडकर आले होते. शेवटच्या दिवशी, २० तारखेला, बायांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. स्वागताची जबाबदारी कीर्तीबाई पाटील यांच्याकडे. जाईबाई होत्या, राधाबाई होत्या. आणि समोर किती बाया होत्या? त्या वेळच्या बोलण्या-लिहिण्यात वीस ते पंचवीस हजारांचा आकडा येतो.

वीस-पंचवीस हजार! आपण तालुक्याच्या मेळाव्याला दोनशे बाया जमवताना दमून जातो. गाडीचं कोण बघणार, जेवणाचं काय, नवरा सोडेल का, लेकरू कोणाजवळ ठेवायचं. त्यांना तर मोबाइल नव्हता, बैठकीची सूचना द्यायला ग्रुप नव्हता. वस्तीवस्तीत तोंडी निरोप गेले असणार. आणि २० जुलै १९४२ ला सोमवार होता. सोमवार म्हणजे मिलचा कामाचा दिवस. जी मिलमधली बाई पाळी सोडून त्या मांडवात येऊन बसली, तिने त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडलं असणार. जी बिडीवाली आली तिच्या त्या दिवशी बिड्या वळल्या गेल्या नसणार. आम्ही या गोष्टीवर बराच वेळ बोललो. त्या बायांच्या घरी दुसऱ्या दिवशी काय शिजलं असेल?

बाबासाहेब या परिषदेत बोलले. समाज किती पुढे गेला हे त्यातल्या बाया किती पुढे गेल्या यावरून मोजायचं, असं त्यांनी तिथे सांगितलं. पोरांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, लेकरं फार होऊ देऊ नका, आणि बायको ही नवऱ्याची दासी नाही, बरोबरीची मैत्रीण आहे, असंही सांगितलं. त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले.

पण आम्हाला भाषणापेक्षाही त्या बायांनी केलेले ठराव महत्त्वाचे वाटले. ते ऐका.

बायकोला घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा. एक बायको असताना दुसरी करायला बंदी असावी. मिल, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे इथे काम करणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा आणि एक महिन्याची हक्काची रजा मिळावी. कामावर दुखापत झाली तर भरपाई मिळावी. वीस वर्षं काम केलं की महिन्याला १५ रुपये पेन्शन मिळावं. मिलमध्ये जिथे बाया काम करतात तिथे देखरेखीला बाईच असावी. मुलींसाठी सरकारने वसतिगृहं काढावीत, दर प्रांतात निदान पन्नास मुलींची सोय व्हावी. कायदेमंडळात आणि गावच्या-शहरच्या कारभारात आमच्या बायांना जागा मिळावी. आणि आमची संघटना साऱ्या देशात उभी राहावी.

हे ठराव वाचले की त्या बायांचा दिवस समोर उभा राहतो. देखरेखीला बाई का मागितली असेल, ते आता आपल्याला वेगळं सांगायला नको. वीस वर्षांनी पेन्शन का मागितलं? वीस वर्षं कापसाचा भुगा छातीत घेतल्यावर शरीरात काय उरत असेल? "किरकोळ रजा" का? लेकरू तापाने फणफणलं तरी भोंग्याला हजर व्हावं लागत होतं म्हणून.

मग या ठरावांचं झालं काय? आपण हिशेब ठेवणाऱ्या बाया आहोत, तर हाही हिशेब मांडू.

दुसरी बायको करायला बंदी आणि घटस्फोटाचा हक्क १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आला, तेरा वर्षांनी. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. कामगारांच्या दवाखान्याची आणि दुखापतीच्या भरपाईची सोय १९४८ च्या राज्य विमा कायद्याने आली. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने पगारी रजा आणि पाळणाघर आलं. पन्नासहून जास्त बाया असतील तिथे पाळणाघर हवं असा तो नियम होता, पुढे १९७६ साली तो तीसवर आणला. बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला आणि १९७६ साली कल्याण निधीचा. गावच्या कारभारात बायांना जागा? त्यासाठी मात्र पन्नास वर्षं लागली. ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ ची. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या. आज आमच्या गटातली जी बाई सरपंच म्हणून सही करते, तिच्या खुर्चीची मागणी मोहन पार्कच्या मांडवात झाली होती.

आणि बाकी काय राहिलं? घरी बसून काम करणारी बाई राहिली. बिडी वळणारी, पापड लाटणारी, कापड शिवून देणारी, दुसऱ्याच्या शेतात निंदण करणारी. तिला ना पगारी रजा, ना वीस वर्षांनंतरचं पेन्शन. हिशेबाच्या या बाजूला अजून मोठी बाकी आहे.

मिलचं पुढे काय झालं तेही सांगतो. देशभरच्याच सूतगिरण्यांत हळूहळू बाया कमी होत गेल्या. बायांची खाती बंद झाली, नवी यंत्रं आली, आणि बाळंतपणाचा पैसा द्यावा लागतो म्हणून मालक बायांना घ्यायला का-कू करू लागले. कायदा बाईच्या बाजूने झाला आणि कामच तिच्या हातून गेलं, असंही होतं. एम्प्रेस मिल १९८६ साली बंद पडली. मग राज्य सरकारच्या महामंडळाने काही वर्षं चालवली आणि २००२ साली कायमचं कुलूप लागलं. त्या भोंग्यावर शहराच्या चार पिढ्या उठल्या होत्या.

याच बायांपैकी कितीतरी जणी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होत्या. पांढरी लुगडी नेसून, लेकरं कडेवर घेऊन. गावागावांतून लोक पायी आले, कोणी भाड्यासाठी अंगावरचा डाग विकून आले, असं घरोघर सांगतात. दरवर्षी दसऱ्याला आपण नागपुरात जी गर्दी बघतो तिच्यात या मिलवाल्या, बिडीवाल्या बायांच्या नाती-पणत्या असतात.

आता शेवटची गोष्ट. हे सगळं आपल्याला आज कळतं कसं? एक तर त्या बायांनी ठराव लिहून ठेवले म्हणून. आणि दुसरं, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी घरोघर फिरल्या, म्हाताऱ्या झालेल्या त्या बायांजवळ बसल्या, त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि १९८९ साली "आम्हीही इतिहास घडवला" हे पुस्तक काढलं म्हणून. आणखी दहा-वीस वर्षं कोणी गेलं नसतं, तर विचारायला कोणी उरलंच नसतं.

हे वाचल्यावर आम्ही आमच्या गटाची ठरावाची वही काढली. अकरा वर्षांची वही आहे. पानापानावर काय लिहिलं आहे? "सर्व सदस्य हजर. बचत जमा. कर्ज मंजूर. चहापान होऊन बैठक संपली." ज्या वर्षी दारूच्या दुकानाविरुद्ध आम्ही सगळ्याजणी रात्री दोन वाजेपर्यंत चौकात बसलो होतो, त्या महिन्याच्या पानावरही तेच लिहिलेलं. "बचत जमा. बैठक संपली." बँकवाल्याला जे लागतं ते आम्ही लिहिलं. आमचं आम्हाला जे लागणार होतं ते लिहिलं नाही.

म्हणून या महिन्यापासून आम्ही दोन कामं ठरवली आहेत, तुम्हालाही सांगतो. एक, प्रत्येक बैठकीत वहीच्या शेवटच्या चार ओळी आपल्या मागणीसाठी ठेवायच्या. नळ, रस्ता, रेशन, मजुरी, मुकादम, काहीही असो, ठराव म्हणून लिहायचा आणि खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्यायचे. दुसरं, गावात ज्या म्हाताऱ्या बाया नागपूरच्या मिलमध्ये, बिडीत, रेल्वेत, घरकामात राबल्या, त्यांच्याजवळ बसायचं. पोरींच्या मोबाइलवर त्यांचा आवाज भरून घ्यायचा आणि वहीत लिहायचं.

बसमधल्या त्या आजीकडे आम्ही गेलो होतो. मायचं नाव विचारलं तर आधी म्हणाली, "माय म्हणजे माय, तिले कोणी नावानं बोलवे का?" मग बराच वेळ आठवून सांगितलं. ते नाव आता आमच्या वहीत आहे. खाली लिहिलं आहे, "एम्प्रेस मिल, सूत गुंडाळायचं खातं."

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आधी बोलू द्या. तिने काय सांगितलं ते आम्हाला कळवा.